पकडीचं माप

पंपाच्या शाफ्टवर पुली घट्ट बसवायची तर शाफ्टला चावीची खाच लागते. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला ८ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर खोल. ही खाच कुंभार पिंपळगावात माझ्या वडिलांच्या उमेदीच्या काळात हातानं पडत असे. शाफ्ट व्हाइसमध्ये आडवा धरायचा, सुईनं रेघा मारायच्या, दोन्ही टोकांना ड्रिलनं भोकं घ्यायची, मधलं लोखंड छिन्नीनं उडवायचं आणि मग सपाट कानसीनं तळ नि बाजू सरळ करायच्या. चावी अंगठ्यानं दाबून अर्धी बसली आणि उरलेली हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी, तर खाच जमली. एका शाफ्टला सगळी सकाळ जायची.

आज ते काम माझ्या वर्कशॉपमधलं बाकावर बसणारं छोटं मिलिंग मशिन करतं. मशिन बघायला आलेली आयटीआयची पोरं दर वेळी एकच विचारतात, "काका, मशिन भारी आहे, पण व्हाइस एवढासाच का लावला? सहा इंची घ्यायचा ना!" सहा इंच म्हणजे जबड्याची रुंदी, व्हाइसचं माप जबड्याच्या रुंदीनं सांगायची आपली रीत. माझा व्हाइस तीन इंची आहे. तो तीन इंचीच का, हे सांगायचं तर आमच्या गावात लोखंड कसकसं धरलं गेलं इथपासून सुरुवात करावी लागते.

आजोबा गावचे लोहार. बलुत्यावर काम: वर्षभर शेतकऱ्याचे फाळ, विळे, कुऱ्हाडी शेवटायच्या, बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. त्यांच्या शाळेत (लोहाराच्या कामाच्या छपराला आमच्याकडे शाळाच म्हणायचे) ऐरण होती, घण होता, भाता होता, निरनिराळ्या तोंडांच्या सांडशी होत्या. व्हाइस नव्हता. त्याची गरजही नव्हती. लाल तापलेलं लोखंड मऊ असतं, ते सांडशीत धरून ऐरणीवर टेकवलं की घणाचा प्रत्येक घाव त्याला खालीच दाबतो. ते निसटत नाही. धरायची खरी पंचाईत होते ती थंड लोखंडावर काम करताना, कारण कानस पुढं ढकलते, करवत ओढते, छिन्नी आडवा घाव घालते. थंड लोखंड आजोबा जमिनीवर बसून पायाच्या दोन तळव्यांत धरत. विळ्याला दाते पाडण्यापुरती ती पकड पुरायची.

ती अपुरी पडू लागली ती लोखंडी नांगरानं. लाकडी नांगरात लोखंड म्हणजे फक्त फाळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. पुढं १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर महाराष्ट्रभर गेले. हा नांगर बोल्टांनी जोडलेला. बोल्ट झिजतो, भोक लांबट होतं, पट्टी वाकते. नवी पट्टी करायची तर भोकाला भोक जुळलं पाहिजे, आणि ते जुळवायला थंड लोखंड कापणं, भोक पाडणं, घासणं आलं. नांगराच्या कारखान्यानं खेड्यातल्या लोहाराला नकळत फिटरचं काम शिकायला लावलं, असं मला वाटतं, आणि ते त्याचं मोठं ऋण आहे.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद-मनमाड ही मीटर गेज रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर परतूर, रांजणी, जालन्यावरून गेली. रेल्वे जिथं जाते तिथं तिच्यामागून फिटर जातो, आणि फिटरबरोबर व्हाइस. स्क्रूनं आवळणारा व्हाइस युरोपात फार जुना. न्यूरेंबर्गमधल्या १५०५ च्या एका चित्रसंग्रहात तो स्वच्छ काढलेला आहे. आपल्याकडे तो रुळला तो आधी रेल्वेच्या कारखान्यांतून, मग शहरांच्या बाजारांतून. निजामाच्या राज्यात हत्यारं बनवणारा मोठा कारखाना उशिरा आला. सिकंदराबादची प्रागा टूल्स १९४३ ची. तोवर जे काही मिळे ते मुंबईहून.

आजोबांनी पहिला व्हाइस जालन्याच्या बाजारातून आणला तो पोलीस ॲक्शननंतर, जुना. तो पायाचा व्हाइस. जुने लोक त्याला शेगडा म्हणत. आजही तो माझ्याकडे आहे. दोन लांब लोखंडी दांडे, वर जबडे, मध्ये चौरस आट्यांचा जाड स्क्रू, जबडे उघडे ठेवायला एक पट्टीची स्प्रिंग, आणि मागच्या दांड्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत गेलेला. हा व्हाइस ओतलेला नव्हे, ठोकून घडवलेला असतो, म्हणून त्याच्यावर घण मारता येतो. मारलेला घाव पायातून जमिनीत उतरतो. आजोबांनी बाभळीचा ओंडका जमिनीत पुरून त्याला तो जखडला होता आणि पायाखाली दगड बसवला होता. घरात सगळ्यात पक्कं काय, तर तो ओंडका.

त्याचं माप कशावर ठरायचं? जमिनीवर. पाय जमिनीला टेकला पाहिजे, हे पहिलं. जबडा किती रुंद हे नंतर.

पण त्याच्यात एक उणीव होती. पुढचा दांडा खाली खिळीवर फिरतो, त्यामुळं जबडा सरळ उघडत नाही, कमानीत उघडतो. दोन्ही जबडे एकाच अंतरावर समांतर येतात. त्याहून जाड किंवा पातळ वस्तू धरली की ती फक्त वरच्या किंवा खालच्या कडेवर धरली जाते. नांगराच्या पट्टीला ते चालतं. गोल शाफ्टला चालत नाही. तो फिरतो, आणि खाच तिरकी जाते.

शाफ्ट आले ते ऑइल इंजिनबरोबर. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा होरपळला. रोजगार हमीच्या खडीची आणि सुकडीची आठवण त्या पिढीतल्या कुणाच्याच मनातून गेलेली नाही. त्या दुष्काळात आणि त्यानंतर विहिरी खोल झाल्या, नव्या खणल्या गेल्या, आणि मोटेच्या जागी इंजिनं बसली. पुढं पैठणला जायकवाडीचं धरण झालं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. डाव्या कालव्याचं पाणी अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारांत आलं तसा ऊस आला, उसामागून ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या. विहिरीवरच्या पट्ट्यानं फिरणाऱ्या प्रत्येक पंपाला पुली, प्रत्येक पुलीला चावी. चावी ढिली झाली की खाच खाल्ली जाते, आणि पेरणीच्या दिवसांत नाही तर पाण्याच्या पाळीला हमखास खाल्ली जाते. बैलगाडीतून आलेला शाफ्ट त्याच दिवशी परत द्यावा लागे, कारण रात्री पाण्याची पाळी.

त्या काळात वडिलांनी बिडाचा पाच इंची बेंच व्हाइस घेतला. ह्याचे जबडे सरळ सरकतात, म्हणून कुठल्याही जाडीला समांतर राहतात. मी जालन्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड केला तेव्हा कानस हातात देण्याआधी शिक्षकांनी आम्हाला बाकासमोर उभं केलं, हात कोपरात दुमडायला सांगितलं आणि जबड्याचा माथा कोपराच्या उंचीला येतो का ते पाहिलं. खाली असला तर कंबर मोडते, वर असला तर खांदे भरून येतात आणि कानस डोलते. देशभरच्या आयटीआयांचा पाया असलेली कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. तेव्हापासून फिटरची पहिली ओळख ह्या कोपराशीच होत आली आहे. घरी येऊन मी वडिलांचा बाक चार बोटं उंच केला. वडील काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कानस चालवून झाल्यावर त्यांनी त्याच बाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता बरं आहे."

पायाच्या व्हाइसचं माप जमिनीशी, बेंच व्हाइसचं माणसाच्या कोपराशी. मिलिंग मशिनचा व्हाइस ना जमिनीवर उभा राहतो, ना माणसासमोर. तो यंत्राच्या टेबलावर बसतो आणि टेबलाबरोबर सरकतो. हे ध्यानात घेतलं नाही की माणूस पहिल्या दोन व्हाइसांच्या सवयीनं तिसरा निवडतो, आणि सवय सांगते, मोठा घ्या, जड घ्या.

युनिव्हर्सल मिलिंग मशिनचा जन्मही हातानं खाचा पाडण्याच्या कंटाळ्याशी बांधलेला आहे, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं आणि फार आवडलं. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात बंदुकांचे भाग बनवताना पिळाचे ड्रिल लागत. त्या ड्रिलच्या पिळाच्या खाचा कामगार कानसीनं पाडत असत. ते संपवण्यासाठी ब्राउन अँड शार्प कारखान्याच्या जोसेफ ब्राउन यांनी १८६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशिन केलं. प्रॉव्हिडन्स शहरातल्या त्या कामगारांनी आणि पिंपळगावातल्या माझ्या वडिलांनी एकच काम एकाच हत्यारानं केलं होतं, शंभराहून जास्त वर्षांच्या अंतरानं.

भारतात १९५३ मध्ये बंगळुरूला एचएमटी उभी राहिली. तिची मिलिंग मशिनं, आणि बटाला, लुधियाना, राजकोटची मशिनं कारखान्यांत पोहोचली. ती सगळी जमिनीवर उभी राहणारी, टनाच्या हिशेबातली. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे कितीतरी लहान कारखाने आले. आमच्या तालुक्यातली बरीच पोरं तिकडं गेली, मिलिंग शिकली, आणि त्यांतली काही गावाकडं परतली. मिलिंगचं ज्ञान इकडं आलं ते असं, पोरांच्या हातांतून. यंत्र मात्र लवकर आलं नाही, कारण एवढ्या मोठ्या यंत्राला पाया, तीन फेज वीज आणि रोजचं काम हवं. बाकावर मावणारं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं मशिन मिळू लागलं तेव्हाच माझ्यासारख्याला ते परवडलं.

आता माझ्या मशिनची मापं सांगतो, कारण व्हाइसचा निर्णय ह्याच आकड्यांत आहे. टेबल ९२ मिलिमीटर रुंद आणि ३९० लांब. टेबल डावीकडून उजवीकडे २२० मिलिमीटर सरकतं, माझ्याकडून खांबाकडे १००. स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंत जास्तीत जास्त २८० मिलिमीटर जागा. लहान बेंचटॉप मशिनांत ही मापं थोड्याफार फरकानं अशीच असतात.

सगळ्यात आधी तो १०० चा आकडा बघा. व्हाइसचा जबडा ७५ मिलिमीटर उघडला, त्यात ७५ मिलिमीटरचा ठोकळा धरला आणि १२ मिलिमीटरच्या एंड मिलनं त्याचा माथा कडेपासून कडेपर्यंत घ्यायचा ठरवला, तर कटर दोन्ही कडांच्या बाहेर निघून मोकळा व्हायला ७५ अधिक १२, म्हणजे ८७ मिलिमीटर सरक लागते. १०० मध्ये ती बसते. आता १०० मिलिमीटर उघडणारा चार इंची व्हाइस घ्या. पूर्ण उघडून भरला तर ११२ लागतात. टेबल तेवढं सरकतच नाही. सहा इंची व्हाइसचा पूर्ण उघडलेला जबडा तर ह्या मशिनच्या कटरला कधी गाठताच येणार नाही. जेवढं कापता येत नाही तेवढं धरून काय करायचं?

दुसरी गोष्ट व्हाइसच्या लांबीची. जबडा चार इंच म्हणजे व्हाइस चार इंच नव्हे. स्क्रू, दांडा धरून चार इंची मिलिंग व्हाइसचं अंग चांगलं फूटभर लांब भरतं, आणि ते अंग टेबलाच्या रुंदीवर आडवं पडतं. ९२ मिलिमीटरच्या टेबलावर त्याचं बूड पुढं लोंबतं, नाहीतर मागं खांबाला आपटतं. मागं आपटलं की हाताशी असलेल्या १०० मिलिमीटरपैकी वीस-तीस तिथंच गेले. पुढं लोंबलं की वजन टेबलाच्या कडेवर येतं, आणि सरकत्या पट्ट्या एका बाजूला झिजतात. सहा इंची चांगला व्हाइस ३० किलोच्या वर भरतो. तेवढं वजन लहान टेबलावर कायम ठेवणं म्हणजे नव्या मशिनचं आयुष्य आपल्या हातानं कमी करणं.

तिसरी गोष्ट उंचीची. तिकडं दुकानदार हमखास फिरतं बूड गळ्यात घालतो. "अंशांत फिरतो, कोनाचं काम होईल." २८० मधून व्हाइसच्या तळाचे ५० वजा करा, फिरत्या बुडाचे ३५ वजा करा, राहिले १९५. ड्रिल चक आणि त्यातून बाहेर निघालेला १३ मिलिमीटरचा ड्रिल मिळून तेवढीच जागा खातात. वस्तू ठेवायला जागा उरत नाही. शिवाय व्हाइस आणि टेबल यांच्यामध्ये आणखी एक सांधा आला की पकड तेवढी सैल होते आणि कटर थरथरतो. कोनाचं काम निघालंच तर सबंध व्हाइस सैल करून डायल गेजनं कोन लावता येतो.

आणि जोर? पोरांची खरी शंका तिथंच असते, की तीन इंची व्हाइस काम सोडून देईल. पाचशे वॉटच्या आतली मोटर कटरला एवढा जोर देऊच शकत नाही, की नीट आवळलेल्या तीन इंची व्हाइसमधून वस्तू उपटली जाईल. वस्तू हलते ती बहुतेक वेळा दुसऱ्या कारणानं. आवळताना सरकता जबडा किंचित वर उचलला जातो आणि वस्तूला घेऊन उठतो. स्वस्त ड्रिल व्हाइसचं हे मुख्य दुखणं. भोक पाडायला तो ठीक, मिलिंगला नाही. ह्यावर मिनियापोलिसच्या कुर्ट कंपनीनं काढलेला उपाय आता जगभर उचलला गेला आहे. सरकत्या जबड्याच्या आत तिरका पृष्ठभाग आणि त्याला टेकणारा अर्धा गोळा, त्यामुळं स्क्रू पुढं ढकलतो तेव्हा जबडा खालीही दाबला जातो. व्हाइस घेताना माप बघितल्यावर दुसरी गोष्ट हीच बघावी: आवळताना जबड्यावर बोट ठेवायचं, तो उठतो का ते बोटाला कळतं. स्क्रूचं वस्तूपासूनचं अंतर, जबड्यांचं घोटलेलं काम, तळाला डायल लावून सपाटी, हे सगळं त्यानंतर.

मग सहा इंचाचं खूळ आलं कुठून? माझ्या मते कनेक्टिकटच्या ब्रिजपोर्ट मशिनमधून. १९३८ मध्ये आलेलं हे उभं मिलिंग मशिन जगभरच्या टूलरूमचं यंत्र झालं. त्याचं टेबल नऊ इंच रुंद, आणि त्याच्यावर सहा इंची व्हाइस नेमका शोभतो. पुस्तकं, शिक्षक, कारखान्यातले जुने मिस्त्री, सगळे त्याच जोडीवर शिकले. वाळूजला शिकून आलेला पोरगा सहा इंच म्हणतो तेव्हा तो त्याच्या मशिनपुरता बरोबरच असतो. नऊ इंची टेबलाला सहा इंची, हे प्रमाण लक्षात ठेवलं तर साडेतीन-चार इंची टेबलाला तीन इंचीपलीकडे कुणी जाणारच नाही.

लांब शाफ्टचं काय, असं कुणी विचारेल. आमच्याकडं रोटाव्हेटरचा, ऊस पिळण्याच्या चरकाचा शाफ्ट येतोच. तो व्हाइसमध्ये धरूच नये. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये शाफ्टचं पोट बसवायचं, दोन पट्ट्यांनी आवळायचं, आणि टेबल सरकतं तेवढ्या लांबीत खाच घ्यायची. आखूड शाफ्टला व्ही खाच असलेला जबडा लावला की २५ चा शाफ्ट तीन इंचीत दगडासारखा बसतो. गावातल्या चावीच्या खाचा, पंपाचे इम्पेलर धरायच्या ओढण्या, पेरणी यंत्राच्या पट्ट्या, ही माझी रोजची कामं. ह्यांतलं एकही व्हाइस लहान म्हणून अडलेलं नाही.

लहान मशिन घेणाऱ्यानं दुकानात जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत: टेबलाची रुंदी, आडवी सरक, स्पिंडलखालची उंची. ९०-१०० मिलिमीटरच्या टेबलाला ७५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची, खाली दाबणारा, साध्या बुडाचा व्हाइस. १५० मिलिमीटरच्या आसपास टेबल असेल तर चार इंची. यापेक्षा मोठा फुकट मिळाला तरी तो बाकावर लावावा, मशिनवर नाही.

एक विनंती राहिली. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या भंगारावर चालतात, आणि भंगारवाल्याच्या गाडीत हल्ली पायाचे जुने व्हाइस दिसू लागले आहेत. किलोच्या भावानं त्यांचे येतात किती? तुमच्या गावच्या लोहाराच्या घरी, वाड्याच्या पडवीत, आखाड्यावर असा एखादा पडून असेल तर तो विकू नका. स्क्रूला तेल द्या, आणि तो कुणी, कुठून, कोणत्या साली आणला हे घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर विचारून वहीत लिहून ठेवा.